डब्यातलं गोंदण

तो डबा घरात आला तेव्हाच मला त्याचा राग आला होता. काळा, चकचकीत, आत स्पंज कापून केलेल्या खाचा आणि झाकणावर कवटी. ज्या वस्तूने माणसाच्या अंगात सुया खुपसायच्या तिच्या झाकणावर कवटी छापणाऱ्याला निदान प्रामाणिक तरी म्हटलं पाहिजे. कवटीखाली इंग्रजीत लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी, घरच्या घरी गोंदवण्याचा संपूर्ण संच. नवशिक्यांनी घरच्या घरी पापड करावेत. फार तर केस कापावेत, ते परत वाढतात.

डबा माझ्या मुलीने मागवला होता, ऑनलाइन, त्यातल्या त्यात सगळ्यांत स्वस्त. पण मागवला होता माझ्यासाठी आणि मला विचारून, त्यामुळे सगळा राग तिच्यावर काढायची सोय नव्हती. माझ्या उजव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला माझ्या नवऱ्याचं नाव गोंदलेलं आहे. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, गेला. रीतसर घटस्फोट झाला, त्याने दुसरं लग्न केलं, ह्याच शहरात राहतो. नाव तेवढं माझ्याकडे राहिलं. मला ते घालवायचं होतं, आणि उजवा हात असल्यामुळे स्वतःच्या हाताने घालवता येत नव्हतं. मुलीचं म्हणणं, ती त्यावर एक जाड काळी पट्टी गोंदेल, विषय संपला.

"मेहंदी काढते तसंच आहे गे आई," ती म्हणाली. "रमजानमध्ये मी एका संध्याकाळी तीस-तीस हात करते. हलतो का माझा हात? कैकू डरतेस?"

"मेहंदी धुतली की जाते."

"म्हणून तर मशीन आणलं ना."

एकोणीस वर्षांची आहे, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्याशी मराठी बोलते पण निम्मी मराठी हैदराबादी, मलकपेठच्या गल्लीतली असते. तिला दोष देत नाही. मीही तशीच बोलायचे, आणि माझ्या हातावर ते नाव आलं ते त्याच बोलण्यापायी.

आमचं लग्न विहारात झालं. दोन्हीकडची माणसं मूळची नांदेडकडची, पण मी जन्मले, वाढले, शिकले हैदराबादेत. लग्नानंतर आठ दिवस सासरच्या गावी ठेवलं. पहिल्याच दिवशी बायकांनी गराडा घातला, नाव घे, नाव घे. नाव घ्यायचं म्हणजे उखाणा म्हणायचा, दोन ओळी जुळवून त्यात नवऱ्याचं नाव गुंफायचं, हे मला माहीत होतं. येत मात्र नव्हतं. आमच्या घरी तेवढी मराठी कुणाला येत होती? मी शाळेतल्या हजेरीसारखं त्याचं नुसतं नाव घेतलं आणि गप्प बसले. जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. नुसतं नाव तर तिथे कुणी तोंडातून काढायचंच नाही. माझी मोठी जाऊ पदराने डोळे पुसत म्हणाली, "हैदराबादची शिकलेली बाई, अन् एक ओळ जुळंना व्हय? बाई, तू गोंदूनच घे नाव. कुणी इचारलं की हात पुढं करायचा. आपल्या सासूबाईनं तसंच केलं होतं."

तिने चेष्टा केली. मी चिडले. चिडले की मला पुढचं दिसत नाही, हा माझा जुना रोग आहे. दोन दिवसांनी गावची जत्रा होती. तिथे एक माणूस स्कूटरच्या बॅटरीवर मशीन चालवून गोंदत होता. मी जावेच्या डोळ्यांदेखत त्याच्यासमोर हात पुढे केला. डावा नाही, उजवा. पाणी देताना, वाढताना तोच पुढे येतो, म्हटलं सगळ्यांना दिसू दे. त्याच्या वाटीत काळं पाणी होतं, आणि जी सुई माझ्या आधीच्या बाईला टोचली तीच मला टोचली. मी तेव्हा लॅबचा कोर्स पास झालेली होते. निर्जंतुकीकरणाच्या पेपरात मला चांगले मार्क होते. असल्या शिक्षणाला काय चाटायचंय.

नवरा खूश झाला. पुढे कितीतरी दिवस तो मित्रांसमोर माझा हात धरून उलटा करून दाखवायचा, नव्या गाडीचा नंबर दाखवावा तसा.

मी रक्त काढते. वीस वर्षांच्या वर झाली, सकाळी सहा ते दुपारी दोन, लॅबच्या कलेक्शन सेंटरवर. नियम असा की बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या पाहिजेत, कारण दर पेशंटनंतर हात धुवायचे. त्यामुळे नाव झाकायची सोय नाही. त्यात आणखी एक गंमत आहे जी ह्या धंद्यातल्यालाच कळेल. सुईला भिणारा माणूस सुईकडे बघत नाही. तो नजर फिरवतो, आणि जिथे फिरवतो तिथे बरोबर माझा हात असतो. रोज चाळीस माणसं त्या नावाकडे टक लावून बघतात. ज्यांना वाचता येतं ते वाचतात, काही बायका कौतुकाने विचारतात, "मियां का नाम?" मी म्हणते, मुठी बांधो.

असंच चालत राहिलं असतं. पण मागच्या वर्षी माझी बदली गौलीगुड्याच्या सेंटरवर झाली, आणि एका सकाळी समोरच्या खुर्चीत एक गरोदर बाई येऊन बसली. तिच्यामागे कागद हातात घेऊन माझा नवरा उभा होता. माझा म्हणायची सवय जात नाही. तिचा नवरा.

त्याला माहीत नव्हतं मी तिथे असते म्हणून. त्याचा चेहरा बघायला मी एखादा पगार दिला असता. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तेलुगू बाई, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, घाबरलेली. कागदावर पेशंटचं आणि नवऱ्याचं नाव मोठ्याने वाचून खात्री करायची असा आमचा नियम आहे. मी नुसता नंबर वाचला. पट्टा बांधला, शीर शोधली. तिने सुई नको म्हणून मान वळवली, आणि मान वळवल्यावर सगळ्यांना जे दिसतं ते तिला दिसलं. देवनागरी तिला वाचता येत नसावी.

"अक्का, ये क्या लिखे हात पे?"

तो मागे भिंतीवरच्या कोलेस्टेरॉलच्या तक्त्याचा अभ्यास करायला लागला होता.

"बैल का नाम है अम्मा," मी म्हटलं. "हमारे घर कू था. रस्सी तोडको भाग गया."

"अय्यो! मिला क्या फिर?"

"मिला. दूसरों के खुंटे कू बंधा है अब."

तिला खरंच वाईट वाटलं. मी एका टोचण्यात रक्त काढलं, तिला कळलंही नाही. तिची काय चूक होती? कापूस दाबून धरायला सांगितलं, दूध-अंडी खायला सांगितलं, आणि दोघं गेली.

दुपारपर्यंत मी फार खुशीत होते. बैल म्हटलं, आणि त्याच्या तोंडावर म्हटलं. मग घरी जायच्या आधी हात धुताना मी स्पिरिटचा बोळा घेऊन ते नाव घासायला लागले आणि कातडी लाल झाली तरी घासत राहिले. इतकी वर्षं मी तो जोक तयार करत होते असं वाटलं. त्याची बायको, त्याचं मूल, त्याचं घर, आणि माझ्याकडे काय, तर एक जोक आणि पुरावा म्हणून हात. मला स्वतःचीच किळस आली. घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. बैलापर्यंत ती हसली. मग माझा लाल हात बघून हसायची थांबली आणि म्हणाली, "आई, काढून टाकू आपण हे."

तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी चांगल्या ठिकाणी जाऊन बघितलं. लेझरवाला म्हणाला खूप वेळा यावं लागेल आणि तरी सावली राहील. सावली घेऊन काय करू? बंजारा हिल्सला एक स्टुडिओ होता, गार, काळोखा, आत कानांत मोठमोठी भोकं पाडलेला एक माणूस. त्याने माझा हात उजेडाखाली धरला, माझ्याकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, इसपे गरुड डालते. नया जनम, नयी जिंदगी." मी म्हटलं, "मुझे पंछी नहीं पालना है." तो सोडेना. बऱ्याच बायका येतात म्हणे, नाव झाकायला, आणि सगळ्या शेवटी पक्षीच घेतात. मी उठले. हैदराबादेत माझ्यासारख्या किती बायका पंख घेऊन फिरतायत कोण जाणे. त्यांतल्या एकीनेही मला आपल्यातली म्हणून ओळखायला नको होतं.

म्हणून तो डबा. माझी अट एकच होती. मी तपासल्याशिवाय कुणाच्याही अंगाला सुई लागणार नाही. मुलगी "हौ हौ" म्हणाली.

पहिल्या रविवारी मी सुया काढल्या. सुईच्या पाकिटावर एक ठिपका असतो, निर्जंतुक करताना त्याचा रंग बदलतो. आमच्याकडे ठिपका बघितल्याशिवाय पाकीट फाडायचं नाही. ह्या पाकिटांवर ठिपका छापलेला होता, पण सगळ्यांवर एकच रंग, आणि बोटाला थुंकी लावून घासला तर निघून आला. शाईने काढलेला ठिपका! दोन पाकिटांचे कोपरे आधीच उघडे. मग मी प्रत्येक सुई कापसावरून ओढली. ही जुन्या सिस्टरांनी शिकवलेली युक्ती. सुईचं टोक गुळगुळीत असेल तर ती कापसातून सरळ निघते, टोक वाकडं असेल तर धागा ओढून आणते. वीसपैकी सात सुयांनी कापसाची दाढी बाहेर काढली. असली सुई कातडीत जाताना टोचते आणि येताना फाडते.

"मग तेरा चांगल्या आहेत ना," मुलगी म्हणाली.

"तेरा पकडल्या गेल्या नाहीत," मी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी मशीन. त्याला दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, वायर अशी की तिने भाजीची जुडी बांधावी. पायाखालचं बटण दाबलं की मशीन डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं ओरडायचं आणि पाच मिनिटांत पकडायची जागा गरम. सरावासाठी रबराची कातडी दिली होती, गरम पाण्याच्या पिशवीच्या रबरासारखी. त्यावर मुलीने सुरेख रेघा काढल्या आणि ओल्या फडक्याने पुसल्या तर अर्ध्या निघून गेल्या. मी तिला वांग्यावर करायला लावलं. वांग्याला पाझर फुटला. मग खाटकाकडून बकऱ्याचे पाय आणले, भाजून साफ केलेले पण कातडीसकट, आणि म्हटलं ह्यावर पट्टी काढ. तिने काढली. हात खरंच स्थिर होता पोरीचा, ते मान्य करते. पण सुई मागेपुढे डुलत होती. एकाच रेघेत कुठे शाई नुसती वर बसली होती आणि कुठे मी ब्लेडने कापून बघितलं तर पार मांसात उतरली होती. ते पाय नंतर फेकून द्यावे लागले. पायाचं सूप हुकलं ह्याचासुद्धा राग मी त्या डब्यावरच ठेवला.

तिसऱ्या रविवारी शाई. सात बाटल्या, कशावरही आत काय आहे ते लिहिलेलं नाही. काळ्या बाटलीला रॉकेलसारखा वास. एका बाटलीवर मुदत संपायची तारीख होती, ती भरल्याच्या तारखेच्या आधीची. मी तारखा वाचून दाखवत होते, मोठमोठ्याने, आणि मुलगी एकदम उठली.

"बास आई. तुला ते काढायचंच नाहीये."

"काय म्हणालीस?"

"तीन आठवडे झाले. तू नुसती खोट काढत बसलीस. खोट सापडली की तुझा चेहरा बघ कसा होतो, किती खूश होतेस! तुला डबा खराबच पाहिजे. उद्या सोन्याची सुई आणली तरी तू म्हणशील नक्को. तुला हातावर पप्पा पाहिजेत. लोकांना सांगायला पाहिजेत."

मी हात उचलला. उजवा. तिच्या तोंडासमोर तो उघडा हात होता आणि त्यावर नाव, आणि ती गालाकडे हात न नेता ते नाव बघत उभी राहिली. मी हात खाली घेतला. मारलं नाही, पण मारण्यात फार काही बाकी राहिलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू? ती अगदीच चुकीचं बोलत नव्हती. रागाला धरायला काहीतरी हातात असलं की माणूस उभा राहतो. माझ्या तर खरोखरच हातात होतं. ते गेल्यावर मी सकाळी उठून कुणावर चिडणार होते? पण हे एकोणीस वर्षांच्या पोरीने तोंडावर सांगायचं, आणि तेही माझ्या जिवावर वाढलेल्या! मी तिला म्हटलं, "शनिवारपर्यंत थांब. गुरुवारी ही शाई मी लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर लावते. प्लेटवर काही उगवलं नाही तर त्याच दिवशी हात तुझ्यापुढे धरते. उगवलं तर हा डबा कचऱ्यात आणि तुझं तोंड बंद." पुढचे सहा दिवस आम्ही एका घरात राहून "जेवलीस का" आणि "किल्ली कुठाय" एवढंच बोललो.

गुरुवारी मोठ्या लॅबमध्ये जंतूंचं काम बघणाऱ्या सरांकडे मी काळ्या शाईचे दोन थेंब पोचवले. ते हसले, पण त्यांनी प्लेट लावली. शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि प्लेट दाखवली. दहीभात सांडावा तशी भरली होती.

मला इतका आनंद झाला! हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी सरांना म्हटलं मला आपल्या फॉर्मवर लिहूनच द्या. पेशंटचा नमुना खराब आला की आम्ही जो शिक्का मारतो तो शिक्का मी स्वतः त्यावर मारला. नमुना नाकारला. तो कागद पर्समध्ये नीट घडी घालून घेतला आणि बस न बघता रिक्षा केली.

मुलगी कॉटवर भिंतीला टेकून बसली होती, पांघरूण घेऊन, दुपारची. मी चपला न काढता वाचायला सुरुवात केली. काय काय उगवलं, किती उगवलं. सुयांचा ठिपका खोटा, सात सुया वाकड्या, वायर जिवावरची, शाई गटारातली. "आणि मॅडम म्हणत होत्या, मला खोट पाहिजे! घे. सरकारमान्य खोट आहे ही."

ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने हळू विचारलं, "आई, हे जंतू अंगात गेले तर काय होतं?"

विचारलंच आहे तर मी सोडते थोडीच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आधी लाल होतं, मग गरम, मग सूज, मग पू. ताप येतो, थंडी वाजते. जांघेत गाठ येते. रक्तात गेलं तर ॲडमिट. मी एकेक बोट दुमडत सांगत होते आणि प्रत्येक बोटाला मला बरं वाटत होतं, अशी जिरवीन, परत माझ्याशी वर तोंड करून बोलणार नाही.

"गाठ आली आहे," ती म्हणाली.

तिने पांघरूण काढलं आणि पायजमा वर सरकवला. डाव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूला, एक काळी पट्टी होती. कडा सरळ, कोपरे काटकोनी. पट्टीच्या आजूबाजूला तळहाताएवढी मांडी लालभडक, फुगलेली, आणि एका कडेला पिवळं पाणी. मी हात लावला तर तव्यासारखी तापलेली. गुरुवारी मी शाई लॅबमध्ये घेऊन गेले, त्याच सकाळी तिने घरी मागे राहिलेल्या बाटलीतून हे केलं होतं. मी ठेवलेल्या तेरा चांगल्या सुयांमधली एक घेऊन.

"कैकू?" माझ्या तोंडातून तिचीच भाषा आली. "कशाला केलंस हे?"

"तू म्हणालीस ना, उगवलं नाही तर हात देते. मग मला एकदम तुझ्या हातावर करावं लागलं असतं." तिला बोलतानाही थंडी वाजत होती. "बकऱ्यावर नीट झालं नव्हतं. म्हटलं आधी माझ्यावर करून बघावं. तुझी कातडी किती पातळ झालीये, तुला माहीत तरी आहे का?"

मी ओरडले. तेच येतं मला. मूर्ख म्हटलं, बापावर गेलीस म्हटलं, आणि ओरडत ओरडत तिला चपला घातल्या, दुपट्टा दिला, हाताला धरून जिना उतरवला. कोपऱ्यावर चामडीची डॉक्टर बसते, म्हातारी बाई आहे, चष्म्याच्या वरून बघणारी. तिच्याकडे गर्दी होती. मी पेशंटांना बाजूला सारत आत घुसले.

तिने मांडी बघितली, गाठ दाबली, ताप बघितला. मग खुर्ची मागे सरकवली आणि माझ्या मुलीकडे बघून मान हलवली. अशा पट्ट्या ती रोज बघत असणार.

"किसका नाम था बेटा इसके नीचे?"

"किसीका नहीं," मुलगी म्हणाली.

"हौ, सब यहीच बोलते." मग मला म्हणाली, "अम्मा, ध्यान रखो. इस उमर में लडकियां नाम लिखाते, फिर लडका भागता, फिर घर में बैठको ऐसा छुपाते. कौन है पूछो इसकू, प्यार से पूछो."

माझी मुलगी खाली मान घालून बसली. तिने माझं नाव सांगितलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याच्याने बघवलं नाही. मी बाही वर केली, जशी रोज करते, आणि माझा हात तिच्या मांडीशेजारी टेबलावर ठेवला.

"ये," मी म्हटलं. "ये छुपाना था. इसका बाप है."

डॉक्टरने चष्मा खाली घेतला. तिने नाव वाचलं असावं, ओठ हलले. मग मांडीवरच्या पट्टीकडे बघितलं, मग परत नावाकडे. दोन्ही एकाच लांबीची होती. रुंदीही तीच, नावातल्या काना-मात्रांपासून उकारापर्यंत सगळं झाकेल एवढी. तिने इंजेक्शन, गोळ्या, मलम लिहून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

रिक्षात मी तिला विचारलं, "माप कधी घेतलंस?"

"तू ड्यूटीवरून आलीस की झोपतेस ना, तेव्हा. हातावर स्केल ठेवली. तू उठली नाहीस."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, तापाने अंग कढत होतं. मला वाटलं झोप लागली. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "पट्टीवर शाईचे तीन हात मारले मी आई. व्हिडिओत म्हणतात दोन हातांत नाव पूर्ण जात नाही, दिसत राहतं. पण तीन हातांत जातं का ते मला कळलंच नाही. माझ्या खाली काही नव्हतंच ना."